दुसरं नाव

युरोपात १९५६ पासून युरोव्हिजन नावाची गाण्यांची स्पर्धा होते. प्रत्येक देश आपलं एक गाणं पाठवतो, लोक टीव्हीवर ऐकतात आणि मतं देतात. एक नियम मात्र पक्का: स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही. भारत त्यात नसतो. पण देशाच्या नावानं अशाच एका स्पर्धेत आपलाही एक गायक उभा राहिला होता, आणि तो मराठी होता. पहिला 'इंडियन आयडॉल' अभिजीत सावंत डिसेंबर २००७ मध्ये जकार्ताला 'एशियन आयडॉल'मध्ये गायला. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, व्हिएतनाम असे सहा देश, त्यांचे सहा विजेते.

आता गणित बघा. भारताची लोकसंख्या तेव्हाच शंभर कोटींच्या वर, सिंगापूरची पन्नास लाखांच्या आत. ज्यानं त्यानं आपल्याच गायकाला मत दिलं, तर ती गाण्याची स्पर्धा कसली, ती जनगणना. पण आयोजकांनी युरोपसारखी बंदी घातली नाही. त्यांनी सांगितलं, मत देताना दोन नावं द्या. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा, सहांतल्या सगळ्यात छोट्या देशाचा.

मला हा नियम फार आवडतो. पहिलं नाव लिहिताना माणूस आपण कुठले ते सांगतो. दुसरं लिहायला त्याला गाणं ऐकावंच लागतं.

मग पहिलं नाव लिहिणं चूक आहे का? मी लातूरचा. २००८-०९ मध्ये 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' चालू होतं आणि शेवटच्या पाचांत आमचा रोहित राऊत होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. एसएमएसला साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे पडायचे, तरी घरोघरी मोबाईल हातात घेऊन लोक बसायचे. लातूरचं नाव टीव्हीवर यायचं ते किल्लारीच्या भूकंपामुळं, नाहीतर बोर्डाच्या निकालामुळं. कुणीतरी आपल्यातलं पोरगं गातंय म्हणून नाव यावं, ही भूक खोटी नव्हती. शेवटी आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली.

ही भूक समजून घ्यायची तर जत्रेतली कुस्ती आठवा. गाव वर्गणी काढून आपल्या पैलवानाला तालमीत पाठवतं, खुराकाला पैसे देतं, फडात घसा बसेपर्यंत ओरडतं. यात अन्याय काहीच नाही. उलट गावानं नाही केलं तर कोण करणार? पण पाठ टेकली की नाही, हे पंच सांगतो. पंचही त्याच गावचा असेल, तरी शिट्टी तोंडात असेपर्यंत त्यानं ओरडायचं नसतं. एसएमएसनं काय केलं, तर ओरडणाऱ्याच्याच हातात शिट्टी दिली. दोन वेगळी कामं एका बटणात आली.

शिवाय 'आपला' हा शब्दही मोठा लवचिक. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २००८ मध्ये, मुख्यमंत्रिपद लातूरच्या विलासराव देशमुखांकडून नांदेडच्या अशोक चव्हाणांकडे गेलं. पुढच्या काही आठवड्यांत नवं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूरमध्ये आंदोलनं झाली. म्हणजे आयुक्तालय म्हटलं की नांदेड परकं. पुण्या-मुंबईचा विषय निघाला की तेच नांदेड आपलं, आणि जकार्तात तर मुंबईचा अभिजीतही आपला. जे कुंपण सोयीनं इतकं सरकतं, त्यावर निवाडा कसा टेकवायचा?

प्रश्न गाण्यापुरता असता तर सोडून दिला असता. आता पुण्यात कंपनीत मुलाखती घ्यायला मला बसवतात. एखादा उदगीरकडचा किंवा लोह्याकडचा पोरगा समोर येतो. बोलता बोलता 'प्रोजेक्ट करू लालोय' निसटतं आणि तो ओशाळून 'करतोय' म्हणतो. माझ्या आत काहीतरी हलतं. बाहेर नागपूरची एक मुलगी वाट बघत बसलेली असते. जागा एकच.

कुणी म्हणेल, निःपक्षपातीपणाच्या गोष्टी त्यांनी कराव्यात ज्यांना आधीच सगळं मिळालंय. सफाईदार इंग्रजीला न मागता गुण मिळतात, तेव्हा कुणाला पंच आठवत नाही. मग मी आपल्या पोराकडे थोडं झुकलो तर तराजू सरळच होईल ना? हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याचं उत्तर उघड बोलण्यात आहे. 'तो इंग्रजीत अडखळला, पण त्याचं लॉजिक बरोबर होतं, परत तपासा' हे मी सगळ्यांसमोर म्हणू शकतो, आणि दुसरा ते खोडूही शकतो. 'आपल्याकडचा आहे' हे फक्त मनात म्हणता येतं. जे कारण टेबलावर मांडता येत नाही, त्यावर दुसऱ्याची नोकरी जाऊ नये.

म्हणून मी कामं वेगळी ठेवतो. गावाकडच्या पोरांचे रेझ्युमे रात्री बसून दुरुस्त करणं, फोनवर सराव करून घेणं, ही माझी वर्गणी, आणि ती मी मनसोक्त देतो. ज्यांच्याकडून सराव करून घेतला, त्यांच्या मुलाखतीला मी बसत नाही. बाकीच्यांना गुण देताना जकार्ताचा नियम लावतो. आपला पोरगा यादीत वर असेल तर त्याच्या खालचं नाव आधी लिहितो आणि मग विचारतो: याला तिच्या वर ठेवणारी गोष्ट त्याच्या कोडमध्ये आहे की त्याच्या बोलीत?

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये रोहित 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला. जिंकला भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी, कधीकाळी बूट पॉलिश करणारा. रोहितसाठी बोटं झिजवणाऱ्या लातूरकरांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी सनीलाही शेवटपर्यंत ऐकलं असेल, तर माझ्या लेखी त्यांचं मत पूर्ण झालं.