मृताची साक्ष

अपघातात ठार झालेल्या वाहनचालकाच्या देहातून रक्त काढून त्यात मद्य अथवा अन्य अमली द्रव्य आहे काय, हे तपासण्याची प्रथा आता अनेक देशांत रुळली आहे. या कृतीत वेदना नाही, कारण वेदना ज्याला व्हायची तो उरलेला नसतो. शिक्षाही नाही, कारण शिक्षा भोगणारा कायद्याच्या हाताबाहेर गेलेला असतो. तरीही ही तपासणी निरुपद्रवी म्हणता येत नाही. तिच्यातून निघणारा आकडा त्या माणसाच्या नावाला चिकटतो आणि पुष्कळदा त्याच्याविषयीचा अखेरचा अधिकृत शब्द तोच ठरतो. त्यावर मृताला काही म्हणायचे असेल, तर ते कोणी ऐकायचे?

जिवंत माणसाचे रक्त घेताना कायदा थोडा तरी अडखळतो. अपघातात जखमी होऊन रुग्णालयात असलेल्या एका चालकाने नकार दिला असतानाही पोलिसांच्या सांगण्यावरून त्याचे रक्त काढण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ही कृती घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला, पण पाच विरुद्ध चार मतांनी. त्या चौघांची अस्वस्थता निकालाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने श्वास आणि रक्त यांत भेद केला. अटक झालेल्या चालकाचा श्वास वॉरंटावाचून तपासता येईल, त्याच्या रक्तासाठी मात्र सामान्यतः वॉरंट हवे, असे त्याने ठरवले. २०१९ मध्ये बेशुद्ध चालकाचा प्रश्न आला, तेव्हा ही अटही बहुतांशी सैल झाली. शुद्धीतल्या माणसाचा नकार, बेशुद्धाचे मौन आणि मृताचे मौन अशी ही उतरती पायरी आहे; शेवटच्या पायरीवर विचारण्याचा उपचारही उरत नाही. भारतीय घटनेचा अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याच्या सक्तीपासून वाचवतो. पण बोटांचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे अशी साक्ष देणे नव्हे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले. देह ही वस्तू आणि वाणी तेवढी साक्ष, असा हा भेद आहे. शवागारात तो टिकत नाही. तेथे वाणी संपलेली असते आणि बोलतो तो देहच.

शिवाय हा देह एकटाच बोलतो. अमेरिकेत प्राणघातक अपघातांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवली जाते. तीत मृत चालकांची चाचणी जिवंत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात झालेली आढळते, आणि ज्यांची झालीच नाही त्यांचे आकडे संख्याशास्त्राच्या आधाराने अनुमानून भरावे लागतात. समोरासमोर आदळलेल्या दोन मोटारींतला एक चालक मेला आणि दुसरा जगला, तर मेलेल्याच्या रक्तातले घड्याळ त्या क्षणी थांबते. जगलेल्याचे चालूच राहते. दर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे साधारण पंधरा मिलिग्रॅम मद्यार्क शरीर जाळून टाकते. इस्पितळ, जबाब, पंचनामा यांत चार तास गेले, की भारतीय कायद्याच्या तीस मिलिग्रॅम मर्यादेच्या दुप्पट मद्यार्क नाहीसा झालेला असतो.

अर्थात मृताचे घड्याळही पुरते थांबत नाही. देह कुजू लागला की जिवाणू स्वतःच मद्यार्क निर्माण करतात. आयुष्यात थेंबही न घेतलेल्याच्या रक्तात तो सापडू शकतो. म्हणून न्यायवैद्यक शास्त्र हृदयाऐवजी मांडीच्या शिरेतले रक्त पसंत करते, त्यात सोडियम फ्लोराइड घालते आणि नेत्रगोलातील द्रवाशी ताळा पाहते. गांजाच्या बाबतीत कोडे अधिक बिकट आहे. त्याचे अवशेष शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतात. ते सापडले म्हणजे माणूस अपघाताच्या वेळी धुंदीत होता, असे सिद्ध होत नाही.

३१ ऑगस्ट १९९७ च्या मध्यरात्रीनंतर पॅरिसमधील आल्मा बोगद्यात ज्या मोटारीत राजकुमारी डायनाला प्राणांतिक इजा झाली, तिचा चालक आंरी पॉल जागीच ठार झाला. त्याच्या रक्तात लिटरमागे १.७४ ग्रॅम मद्यार्क निघाला. फ्रान्सची मर्यादा ०.५ ग्रॅम होती. आईवडिलांनी हे मानले नाही. एका नमुन्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण इतके होते की त्या रात्री हॉटेलात सरळ चालत फिरणाऱ्या माणसाशी ते जुळेना, आणि रक्त दुसऱ्याच कोणाचे असावे अशी शंका बळावली. ४ सप्टेंबरला न्यायाधीशासमक्ष पुन्हा नमुने घेतले गेले होते. पुढे डीएनए चाचणीही झाली. २००६ च्या ब्रिटिश पोलीस अहवालाने आकडा खरा ठरवला. २००८ मध्ये लंडनच्या ज्यूरीने त्याच्या बेदरकारपणाला दोष दिला, पण त्याच श्वासात पाठलाग करणाऱ्या वाहनांनाही दिला. त्या संध्याकाळी त्याचे काम संपले होते आणि रात्री त्याला परत बोलावण्यात आले होते, ही गोष्ट कोणत्याही परीक्षानळीत दिसणारी नव्हती. मोटारीतल्या चौघांपैकी कोणीही पट्टा बांधलेला नव्हता, हीसुद्धा नाही. किती प्यायला होता ते रक्त सांगते. का निघाला आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते सांगत नाही.

मग ही तपासणी सोडून द्यावी काय? तसे म्हणणाऱ्याने तपासणीवाचून काय उरते तेही पाहावे. १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत होता असे मानता येत नाही. चाचणी नसेल तर मृताच्या वाट्याला वास आणि वदंताच येतात, आणि वदंतेची उलटतपासणी कोणीच घेत नाही. किंबहुना ज्याच्यावर खोटा आळ येण्याची शक्यता अधिक, त्याच्याच वारसांना हा आकडा अधिक हवा असतो. त्या मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या घरच्यांनाही तो हवाच. मृत चालकाची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

आकडा कळावा, प्रश्न उरतो तो त्याचे ओझे कोणी वाहायचे हा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात याचे एक अनपेक्षित उत्तर होते. मद्याच्या अमलाखाली असताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने देऊ नये, असे त्यात होते. पण त्या इजेने मृत्यू ओढवला, तर मद्याची सबब मालकाला वापरता येत नसे. म्हणजे हात मोडलेल्या ट्रकचालकाला जाब द्यावा लागे, मेलेल्याच्या विधवेला नाही. खासगी अपघात विम्याच्या करारात असा अपवाद सहसा नसतो. नशेत आलेला मृत्यू तेथे बहुधा वगळलेलाच असतो. त्यामुळे शवविच्छेदनाच्या एकाच अहवालाच्या दोन प्रती घेऊन घरची माणसे दोन कचेऱ्यांत जातात. एकीत त्या आकड्याकडे पाहण्याचे कारण नसते. दुसरीत कारकून सर्वांआधी तेवढाच वाचतो.