पाकिटावरची तारीख आणि बारा टोपल्या



पाच भाकरी व दोन मासळ्या घेऊन प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, ही घटना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण लोक तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले, काही फुकट जाऊ नये म्हणून (योहान 6:12), याकडे आपले लक्ष जात नाही. जो हव्या तितक्या भाकरी देऊ शकत होता, त्याने तुकडेही टाकू दिले नाहीत. बारा टोपल्या भरल्या!

आपल्या घरात काय घडते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील 60 टक्के घराघरांतून टाकले गेले. 5 जून 2013 रोजी पोप फ्रान्सिस यांनी बजावले होते की, टाकलेले अन्न हे गरिबांच्या ताटातून चोरल्यासारखे आहे.

पुष्कळदा पाकिटावरची तारीख न कळल्यामुळेही आपण अन्न टाकतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव व कुरकुरीतपणा उत्तम राहील. ती तारीख उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असे नव्हे. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नये. आपल्या देशातील 2020 च्या लेबलविषयक नियमांनी ही दुसरी तारीख छापणे बंधनकारक केले. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवले. तरी बारीक अक्षरांत, पाकिटाच्या दुमडीत छापलेली तारीख घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसणार कशी?

म्हणून आपणच ती स्पष्ट करू या. सामान आणल्यावर पाकिटावर ठळक अक्षरांत तारीख लिहू या. पीठ, रवा डब्यात ओतताना तारखेची चिठ्ठी डब्याला लावू या. जुने पुढे, नवे मागे ठेवू या. आणि मुदत संपायच्या आधीच शेजाऱ्याला, गरजूला देऊ या.

येथे आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत आपण मुदत संपलेले पाकीट टाकतो काय? जे आपल्या मुलांना देणार नाही, ते गरिबाच्या मुलाला देणे हे दान नव्हे. त्या गरिबातच प्रभू आपल्यासमोर उभा असतो.

मिस्सामध्ये पवित्र भाकरीचा कणही धर्मगुरू जपून गोळा करतात. वेदीवर शिकलेला हा आदर आपल्या स्वयंपाकघरातही नेऊ या. या आठवड्यात एक दिवस सर्वांनी मिळून फडताळ उघडू या, तारखा वाचू या आणि आपल्या वाट्याची टोपली भरू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.