नोट देणारा हात

होटगी जंक्शनला सोलापूर-वाडी मार्गातून विजयपूर-गदगची लाइन फुटते. अशा ठिकाणी गाडीची वाट बघणारी माणसं असतात, मराठीत भाव विचारून कानडीत घासाघीस करणारी. आणि माणसं आली की भज्यांची कढई आलीच. गाडा एकट्याचा. डाव्या हातात झारा. उजव्या हाताने कागदावर भजी ठेवायची, त्याच हाताने दहाची नोट घ्यायची, गल्ल्यातून चिल्लर काढायची आणि लगेच मूठभर चिरलेला कांदा पुढच्या गिऱ्हाइकाच्या भज्यांवर टाकायचा. नोट घामाने ओलसर, चार घड्या पडलेली, कोपऱ्याला बेसन. बघणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

ती आठी उगाच नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या केंद्रीय संशोधन संस्थेचा 2015 मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. फेरीवाले, किराणा दुकानं अशा ठिकाणांहून 10, 20 आणि 100 रुपयांच्या नोटा गोळा केल्या, तेव्हा त्यांवर रोगकारक अशा 78 सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. बातमी गाजली ती या आकड्यामुळे. पण तपासला होता डीएनए, आणि मेलेला जंतूही तो मागे ठेवून जातो. नोटांमुळे किती जण आजारी पडले, हे त्यातून कळत नाही.

आपली नोट कापसाच्या तंतूंची. घाम, तेल सगळं पिते. तरी कोरड्या नोटेवर जंतू तग धरतात, फारसे वाढत नाहीत. वाढायला त्यांना ओल आणि अन्न लागतं. ते मिळतं चिरून ठेवलेल्या कांद्यात, ओल्या चटणीत आणि गाड्यावरच्या त्या फडक्यात, ज्याने हात, कढईचा काठ आणि फळी सगळंच पुसलं जातं. (माझी खरी भीती या फडक्याची आहे.) उकळत्या तेलातून निघालेलं भजं जवळपास निर्धोक असतं, पुढचं सगळं बोटांवर. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस बोटांवाटे अन्नात गेला आणि तिथे वाढला, तर त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

आता गिऱ्हाइकाकडे बघा. थुंकी लावून नोटा मोजल्या त्याने. नोट दिली उजव्या हाताने, सुट्टे घेतले उजव्या हाताने, आणि भजं उचललं तेही त्याच हाताने. मध्ये नळ कुठेच नाही. नोटेवरचं जे काही पोटात जायचं, ते विक्रेत्याच्या हाताची वाट न बघता थेट गेलं. तरी किळस येते ती समोरच्या हाताची, स्वतःच्या नाही. ‘यांचे हात कुठं कुठं लागतात’ हे वाक्य आपल्याकडे साबणाच्या फार आधीपासून बोललं जातं, आणि ते कुणाबद्दल बोललं जायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जंतू साबणाने धुऊन निघतो. तो विटाळ कशानेच निघत नसे. स्वच्छतेचा आग्रह धरताना यातलं आपल्या तोंडून नेमकं कोणतं निघतंय, हे तपासायला हवं.

विक्रेत्याची जबाबदारी यामुळे सुटत नाही. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि 2011 च्या नियमांत अगदी छोट्या विक्रेत्यांसाठीही स्वच्छतेच्या अटी आहेत. चिमटा वापरणं, पैशांसाठी वेगळा डबा ठेवून गिऱ्हाइकालाच त्यात टाकायला सांगणं, हे एकट्यालाही जमतं. क्यूआर कोडनेही बराच भार हलका केला. फक्त पाचशेची नोट नाचवत ‘लवकर कर, गाडी सुटेल’ म्हणणाऱ्याने विक्रेत्याकडून हात धुण्याची अपेक्षा धरू नये.

राहिला पैसे घ्यायला दुसरा माणूस ठेवण्याचा प्रश्न. मोठ्या हॉटेलात गल्ल्यावर मालक बसतो, वाढणारा पैशाला शिवत नाही. गाड्यावर त्यासाठी एक पगार वाढवावा लागेल, म्हणजे प्लेट महाग होईल, आणि दोन रुपये वाढले की आपण शेजारच्या गाड्यावर जातो. म्हणून कुठे गल्ल्यावर दुसरा हात दिसलाच, तर बहुधा तो शाळेतून परस्पर आलेल्या घरच्या पोराचा असतो, बिनपगारी.