लक्ष असावे, ही विनंती

परवा आमची नात जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. समोर लॅपटॉप उघडा, त्यावर एक टाय लावलेले गृहस्थ तळमळीने हातवारे करीत होते. आवाज मात्र बंद. मी विचारलं, "अगं, यांना काय झालंय?"

"कंपनीचं ट्रेनिंग आहे, आजोबा. कंपल्सरी. पूर्ण व्हिडिओ संपल्याशिवाय पुढचं बटण लागतच नाही. म्हणून लावून ठेवलाय."

"आणि बघतंय कोण?"

"कोणी नाही. शेवटी पाच प्रश्न असतात, ते मला येतात." मग मटारची शेंग फोडत ती सहज म्हणाली, "तुम्हीपण असल्याच फिल्म काढायचात ना?"

असल्याच! पण वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. मी काढायचो. असल्याच काढायचो.

तसं पाहिलं तर ही परंपरा जुनी आहे. आमच्या तरुणपणी सिनेमाला गेलं की मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वृत्तपट सक्तीने बघावा लागे. १९४८ साली सुरू झालेल्या त्या संस्थेने काही फार सुंदर गोष्टी केल्या. विजया मुळ्यांचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' आजही लोकांना पाठ आहे. पण थिएटरात धरणाच्या भिंतीवरून कॅमेरा सरकू लागला की निम्मं पब्लिक बाहेर वेफर्स घेत असे आणि उरलेलं निम्मं अंधारात आपली खुर्ची शोधत असे. कोंडलेला प्रेक्षक हा बघणारा प्रेक्षक असतोच असं नाही, हे सरकारला तेव्हा कळलं नाही आणि नातीच्या कंपनीला आजही कळलेलं दिसत नाही. आमच्या कीर्तनकारबुवांना मात्र ते केव्हाच कळलं होतं. पूर्वरंगात ब्रह्म-माया चालू असताना चार मुंडकी डोलू लागली की बुवा अशी काही कोपरखळी मारीत, की झोपलेला जागा होऊन शेजाऱ्याला विचारी, "काय म्हणाले?" आणि आख्यान ठेवायचं उत्तररंगात. म्हणजे गोष्टीसाठी थांबलेला माणूस तत्त्वज्ञानातून जाणारच!

आता माझ्या पापाकडे वळतो.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सोनेलमध्ये होतो. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, आणि त्या लाटेत आमच्या कंपनीनेही एक टीव्ही, एक व्हीसीआर घेतला. घेतला तर वापरायला हवा. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्यासाठी कंपनीने स्वतःची फिल्म काढावी असं ठरलं. स्नेहसंमेलनात माझ्या एकांकिकेला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, एवढ्या भांडवलावर पटकथा माझ्या गळ्यात पडली.

पहिली फिल्म अडतीस मिनिटांची होती. त्यात वर्क्स मॅनेजर साहेबांचं भाषण आणि १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमधली यंत्रांना संरक्षक कठडे घालण्याबद्दलची कलमं होती. दाखवली कँटीनमध्ये, जेवणानंतर, पंखे लावून, दिवे घालवून. एवढी शांत झोप त्या कामगारांना घरी कधी मिळाली नसेल. फक्त एकदा सगळे जागे झाले. साहेबांच्या मागून कँटीनचं मांजर शेपटी वर करून गेलं तेव्हा! ते शूटिंगच्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कामगारांनी "पुन्हा लावा" म्हणून गिल्ला केला. तो मांजरासाठी होता, हे साहेबांना सांगायचं धैर्य कोणाला झालं नाही.

दुसऱ्या वर्षी मी मांजरापासून धडा घेतला. त्याच सुमारास कळलं की लंडनमध्ये जॉन क्लीज आणि अँटनी जे वगैरे मंडळींनी १९७२ साली 'व्हिडिओ आर्ट्स' नावाची कंपनी काढून असल्या फिल्म चक्क विनोदी केल्या आहेत. 'मीटिंग्ज, ब्लडी मीटिंग्ज' ही त्यांची १९७६ ची फिल्म. वाईट बैठका घेणारा एक मॅनेजर स्वप्नात त्याच गुन्ह्यासाठी कोर्टात उभा राहतो. कल्पना नामी होती. मी लगेच 'गंप्या' निर्माण केला. गंप्या हेल्मेट उलटं घालतो, तेलावरून घसरतो, आणि प्रेसचं एक बटण ट्यूबने बांधून ठेवतो.

हे बटणाचं जरा समजावून सांगायला हवं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, डायमध्ये हात असण्याचा प्रश्नच नाही. युक्ती फार साधी, फार शहाणी. पण सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन एक बटण दाबलेलंच ठेवलं, की एक हात मोकळा होतो. त्या हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. दर नगामागे सेकंद-दीड सेकंद वाचतो.

फिल्म बारा मिनिटांची होती आणि बारा मिनिटं कँटीन हसत होतं. मला धन्य वाटलं. आता बघा, क्लीजसाहेबांचं असो की माझं, या विनोदात एक गोम आहे. पडद्यावरच्या मूर्खात प्रत्येकाला ओळखीचा माणूस दिसतो. फक्त तो नेहमी शेजारी बसलेला असतो.

जूनमध्ये आमच्या प्रेस शॉपमधल्या एका माणसाची दोन बोटं गेली. बटण ट्यूबने बांधलेलं होतं. दोन महिन्यांनी तो कामावर आला, तेव्हा गेटपाशी कोणीतरी हाक मारली, "काय गंप्या!"

मी चार पावलांवर उभा होतो. लोक हसले. तोही हसला. त्या नावाचा जनक मी, पण मला तिथे हसताही येईना आणि रागावताही येईना.

तेव्हापासून मी या प्रश्नाशी अडकलो आहे. मराठीत आपण 'लक्ष द्या' म्हणतो, आणि 'लक्ष वेधून घेतलं' असंही म्हणतो. दिलेलं लक्ष हे दान आहे. वेधून घेतलेल्यात टोचणी आहे, थोडा दरोडाही आहे. माणसाच्या भल्यासाठी दरोडा घालावा का? इंग्रजांनी रेल्वेरुळांवर खेळणाऱ्या मुलांसाठी १९७७ साली 'द फिनिशिंग लाइन' नावाची फिल्म काढली. रुळांवरच शाळेचा क्रीडादिन भरतो आणि मुलं एकामागून एक जखमी होतात, मरतात. लक्ष तर सर्वांचं वेधलं. पण एवढी ओरड झाली की १९७९ मध्ये ती मागे घ्यावी लागली. भीतीनं वाचलेलं मूल आणि भीतीनं झोप उडालेलं मूल यांची बेरीज-वजाबाकी कोणी करायची? मला आकडेमोड कधीच जमली नाही, म्हणून तर पर्सोनेलमध्ये होतो.

तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, "हसणं पुरे. जरा हादरवणारं काढा." आणि त्यांनी सुचवलं की त्या माणसाचा हातच दाखवावा.

मी बिस्किटांचा पुडा घेऊन त्याच्या घरी गेलो. कोणाच्या तुटलेल्या बोटांची मागणी घालायला जाताना काय न्यावं, याचे संकेत आपल्याकडे नाहीत. त्याच्या बायकोने चहा दिला. मी आडवळणाने विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, "किती वेळ दाखवणार, साहेब?"

"अर्धा मिनिट."

"मग बाकीच्या वेळात काय?"

मला उत्तर देता येईना. तोच पुढे म्हणाला, "तुमची गंप्याची फिल्म मी पुढे बसून बघितली. शेजारच्याला म्हटलं, हा बघ तुझ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मीच ट्यूब बांधली. का बांधली ते सांगू? टाइम-स्टडीवाल्यांनी जो आकडा लावलाय ना, तो दोन बटणं दाबून होत नाही. इन्सेंटिव्ह बुडतो. चार्जमनला ट्यूब दिसते, तो बघत नाही. हे घेता का फिल्ममध्ये? घेत असाल तर हात घ्या."

घेतलं. एक मिनिट चाळीस सेकंद. स्वच्छ, अडखळत, कॅमेऱ्याकडे न बघता तो बोलला.

कच्ची फिल्म बघून साहेब म्हणाले, "हात उत्तम! पण हे बोलणं काढा. लांबण लागते. लोकांचं लक्ष उडतं."

त्या दिवशी मला या धंद्यातली खरी मेख कळली. पुढे २०१४ साली एडएक्सवरचे व्हिडिओ बघण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून संशोधकांनी सांगितलं की व्हिडिओ सहा मिनिटांच्या आतला असावा. असेल, मी नाही म्हणत नाही. पण कात्री चालवायची असते तेव्हा नेमकं काय 'लांबण' ठरतं, हे त्या नोंदींत सापडायचं नाही. साहेबांचं स्वागतपर भाषण दोन मिनिटांचं होतं. ते राहिलं.

आणि मी बोलणं काढलं. वर्षभरात बढतीची यादी लागायची होती, मुलगी शाळेत होती, वगैरे वगैरे. हात राहिला. कँटीनमध्ये तो पडद्यावर आला तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तीस सेकंद एकाचीही पापणी हलली नाही. एवढं लक्ष माझ्या कुठल्याच फिल्मला मिळालं नव्हतं. कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तो माणूस मागच्या रांगेत बसला होता, हात खिशात घालून. फिल्म संपल्यावर माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाला, "अर्धाच मिनिट झालं, साहेब."

हे सगळं मी नातीला सांगितलं. सोलायचे मटार संपले होते तरी ती ऐकत होती. मला बरं वाटलं.

"मग तो कापलेला भाग?"

"कॅसेट आहे माळ्यावर. बुरशी धरली असेल. आणि व्हीसीआर कुठाय आता?"

तेवढ्यात लॅपटॉपवर रंगीत पताका उडाल्या. पाचपैकी पाच! प्रमाणपत्रही आलं.

"विषय काय होता गं?" मी विचारलं.

तिने वाकून वाचलं. "आगीपासून बचाव."

"मग तुमच्या ऑफिसात आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं?"

"आजोबा, मी घरूनच काम करते," ती म्हणाली. आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच वास आला. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. मी उठलो तोवर ती धावत जाऊन शेगडी बंद करून खिडकी उघडत होती.