अपुरा श्वास व पुरेशी कृपा

शास्त्रभाग : २ करिंथ १२:७-१०

पावसाळा लागला म्हणजे आमच्या पनवेलच्या मंडळींत दम्याच्या दुखणेकऱ्यांचे हाल वाढतात. भिंतींस ओल येते, बुरशी चढते. उघाड पडली कीं महामार्गाची धूळ व तळोज्याच्या कारखान्यांचा धूर आहेच. श्वासनलिका आंतून सुजतात, आकुंचित होतात, आणि घेतलेला श्वास बाहेर सोडणेंही कठीण होतें. हें झालें देहाचें दुखणें. परंतु त्याबरोबर मनास जें दुखणें जडतें, त्याविषयीं आज दोन शब्द लिहितों.

लावणीच्या दिवसांत ज्याला बांधावर बसावें लागतें, त्यास घरचे आळशी म्हणतात. लग्नाच्या मुलीचा पंप पाहुण्यांपासून लपविला जातो. जी भगिनी उपासनेंत पुढें होऊन गात असे, ती आतां मागच्या बांकावर मुकाट बसते. रात्रीं धाप लागली म्हणजे मरणाचें भय, आणि सकाळीं ओशाळेपणा. अखेर मनांत येतें कीं, आपला विश्वासच उणा, म्हणून देव ऐकत नाहीं.

बंधुभगिनींनो, पौलाचा विश्वास उणा होता काय? त्याच्या देहांतील कांटा कोणता, हें शास्त्र सांगत नाहीं. त्यानें तीन वेळां विनविलें, तरी कांटा निघाला नाहीं. तो सोसण्यापुरती कृपा मात्र मिळाली. एलीया रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत निजला, तेव्हां देवानें त्यास दटाविलें नाहीं. आधीं झोंप, भाकर व पाणी दिलें. आमच्या दुबळेपणाची देवाला लाज वाटत नाहीं. मग आम्हीं ती कां बाळगावी?

म्हणून तीन गोष्टी सांगतों. पहिली : औषध घेणें हा अविश्वास नव्हे. पंपाची सवय लागते, हा समज खोटा आहे. डॉक्टरांनीं रोज घ्यावयास सांगितलेला पंप, बरें वाटूं लागलें म्हणून आपल्या मनानें सोडूं नये. सूज आंत असतेच. तात्काळ आरामाचा पंप वारंवार लागूं लागला, तर त्यांस पुन्हा दाखवावें.

दुसरी : शोक करण्यास भिऊं नका. जें हातून गेलें त्याबद्दल देवापुढें रडा, रागही सांगा. स्तोत्रकर्त्यांनीं तसेंच केलें. मग जें उरलें तें मोजा. कर्नाळ्याचा किल्ला चढवत नसेल, तरी पायथ्याशीं पांखरें ऐकतां येतात. गातां येत नसेल, तर रोम ८:२६ वाचा : ज्यास शब्द फुटत नाहींत, त्याच्यासाठीं आत्मा स्वतः विनंती करितो. अर्ध्यांत तुटलेलें गीतही देवापर्यंत पुरें पोंहोंचतें.

तिसरी, निरोग्यांस : दुखणेकऱ्यास आळशी म्हणूं नका. मंदिरांत उदबत्ती व उग्र अत्तर नको. नाताळांत फटाके नकोत. कोणास धाप लागली तर त्यास ताठ बसवा, पंप द्या, जवळ राहा; आराम न पडल्यास विलंब न करितां दवाखान्यांत न्या. एकमेकांचें ओझें वाहणें तें हेंच. प्रभु आपणां सर्वांस धीर देवो. आमेन.