उतारशाळेचे दार



ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंग सेवेचा रविवार म्हणून पाळते. याच सुमारास, १४ ऑगस्टला, संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण येतो. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीत एका मुलाबाळांच्या बापाऐवजी त्यांनी स्वतः मरण पत्करले. कैद्यांचे आणि अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्यांचेही ते आश्रयदाते आहेत. पुष्कळदा कैदी आणि व्यसनी हा एकच माणूस असतो.

आपल्या नवी मुंबईत खारघरजवळ तळोजा कारागृह आहे. गर्दच्या पुडीसह पकडलेल्या तरुणाला बरे करण्याचे काम केवळ कोठडी करू शकत नाही. हे आपल्या कायद्यानेही ओळखले आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ नुसार, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. दोषी ठरलेल्यालाही कलम ३९ खाली, त्याच्या संमतीने, न्यायालय उपचारांसाठी सोडू शकते. मोठ्या साठ्याचा धंदा करणाऱ्यांना मात्र ही वाट नाही.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आठवू या. जखमी माणसाला त्याने तेल-द्राक्षारस लावला, उतारशाळेत नेले, पैसे दिले आणि वर सांगितले की, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. जखम एका रात्रीत भरत नाही, हे त्याला ठाऊक होते. व्यसनाचेही तसेच आहे. अंगातले विष उतरायला काही दिवस लागतात. मन सावरायला महिने, कधी वर्षे. मध्येच पाय घसरला तरी उपचार वाया जात नाहीत, पुन्हा सुरू करायचे असतात. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली मुंबईत सुरू केलेले कृपा फाउंडेशन ही अशीच एक उतारशाळा आहे.

सर्वांत धोक्याचे असतात ते सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे. तुरुंगात शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन पूर्वीइतकीच गर्द घेतली, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत दारात कोण उभे आहे, यावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. जुने सोबती तर असतातच. आपण असतो का?

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. आपल्या वाडीत, इमारतीत असे घर असेल तर कुजबुज न करता त्या आईला भेटू या. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदतीचा मोफत क्रमांक तिला लिहून देऊ या. सुटून आलेल्याला मिस्साला आपल्या बाकावर शेजारी बसवू या. 'मी तुरुंगात होतो' असे म्हणणारा प्रभू त्याच्याच रूपाने आपल्याजवळ बसलेला असेल.

प्रभू येशू, बंदिवासातील आणि व्यसनाच्या बेडीतील आमच्या भावंडांना मुक्त कर, आणि त्यांची वाट पाहण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.