मुक्काम पोस्ट वाघोली

सकाळी सातच्या सुमारास वाघोलीच्या केसनंद फाट्याकडे पाहिलं की दिवस कुणाच्या जिवावर उगवतो ते कळतं. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या पिशवीतून डोकावणारा ओळंबा, बायांच्या काखेला रिकामी घमेली. ठेकेदाराचा टेम्पो आला की भाव ठरतो आणि गर्दी पातळ होते. पुण्याच्या इमारतींना लागलेली खडी वर्षानुवर्षं इथल्याच दगडखाणींनी पुरवली. त्या खाणींत घण घालायला माणसं दुष्काळी जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आली. रेशनकार्ड गावी, मतदारयादीतलं नाव गावी, शाळेचा दाखला कुठेच नाही, अशा या वस्त्या. त्यांतल्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने खाणीच्या तोंडाशीच 'पाषाण शाळा' काढल्या.

जून २०२१च्या अखेरीस वाघोली पुणे महापालिकेत आली. गावाला शहराचा पत्ता मिळाला. तो पत्ता ज्यांनी उभा केला, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मात्र अजून स्वतःचा पत्ता नाही.

२२ डिसेंबर २०२४च्या मध्यरात्रीनंतर याच फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेली. त्यांतली दोन तर जेमतेम एक-दोन वर्षांची लेकरं. कामाच्या शोधात ही मंडळी त्याच रात्री येऊन टेकली होती. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्यांची ओळख चार शब्दांत उरकली: अमरावतीहून आलेले बांधकाम मजूर.

गाव सोडलेल्या माणसाला पत्ता नसतो, म्हणून तो गाण्यात पत्ता सांगतो. रॅप ऐकताना अनेकांना खटकतं की ही पोरं सारखी स्वतःचं नाव, गल्ली आणि शहर का घेतात. त्याचं उत्तर या कलेच्या जन्मातच आहे. क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा १९६७ साली, बाराव्या वर्षी, जमैकातल्या किंग्स्टनहून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आला. पुढे तो डीजे कूल हर्क झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने ठेवलेल्या पार्टीत त्याने रेकॉर्ड लावल्या आणि गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवत नेला. किंग्स्टनच्या रस्त्यांवर मोठमोठे स्पीकर लावून वाजणाऱ्या गाण्यांवर माइकवरून बोलण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली होती. जागा होती त्याच्याच इमारतीतली सामायिक खोली: १५२०, सेजविक अॅव्हेन्यू. हिप-हॉपचा इतिहास सुरू होतो तो असा एका घराच्या पत्त्यापासून, आणि तो पत्ता एका स्थलांतरिताचा आहे.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो, कधी गाव सांगतो, कधी उस्तादाचं नाव घेतो. तो ओळ टाकतो आणि झीलकरी तिचं शेपूट उचलून धरतात. रॅपर श्वास घेतो तेव्हा त्याच्या शेजारचा जोडीदारही नेमका ओळीचा शेवटचा शब्द उचलतो. डफ आणि बीट यांच्यात समुद्र आडवा असेल, पण गर्दीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाची गरज दोन्हीकडे एकच आहे.

या गरजेचा सर्वांत मोठा मराठी गायक म्हणजे अण्णा भाऊ साठे. १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग समाजात जन्म. शाळा जेमतेम दीड दिवसाची. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब वाटेत मिळेल ते काम करत पायी मुंबईला आलं. अण्णा भाऊंनी कोळसा वेचला, ओझी वाहिली, गिरणीत काम केलं आणि घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून लिहिलं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन करायची परंपरा. यांनी तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन केलं.

त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घराघरांत पोचली. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची ओढ लागते, एवढंच तिचं बीज. पण गाणं पुढे सरकतं तसा हा विरह मोठा होतो आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारपर्यंत जातो. एका मजुराच्या घरातली ताटातूट साऱ्या प्रांताची ताटातूट होते. स्थलांतरिताचं दुःख खाजगी नसतं, ते नकाशावर दाखवता येतं, हे अण्णा भाऊंनी भर सभेत गाऊन दाखवलं.

नकाशावर हक्क सांगणाऱ्याला सत्ता नकाशाबाहेरही काढू शकते. रिकी वॉल्टर्स ऊर्फ स्लिक रिक लंडनमध्ये जमैकन आईबापांच्या पोटी जन्मला आणि लहानपणी ब्रॉन्क्सला आला. १९८८च्या पहिल्याच अल्बमने तो गोष्ट सांगणाऱ्या रॅपरांचा गुरू ठरला. १९९० साली केलेल्या गोळीबारासाठी त्याने पाच वर्षं तुरुंगवास भोगला. शिक्षा संपून सहा वर्षं झाल्यावर, २००२ मध्ये, जहाजावरचा कार्यक्रम करून परतताना त्याला पुन्हा पकडलं, कारण कागदोपत्री तो परदेशीच होता. १७ महिने तो देशाबाहेर धाडलं जाण्याच्या टांगत्या तलवारीखाली कोठडीत होता. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते थेट २०१६ साली.

पुण्याच्या वस्त्यांना हे भय परकं नाही. आपल्याकडे त्याला शब्द आहे, तडीपार. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढता येतं. म्हणजे सक्तीचं स्थलांतरच. पुणे स्टेशनमागच्या ताडीवाला रोडवर वाढलेल्या अल्ताफ शेखने, म्हणजे एमसी स्टॅनने, २०२० साली आपल्या अल्बमला हेच नाव दिलं. कव्वालीपासून सुरुवात केलेला हा पोरगा १२ फेब्रुवारी २०२३ रोजी 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला. त्याची हिंदी वस्तीतली आहे, मराठीत बुडवून काढलेली. त्याचा 'शेमडी' हा शब्द देशभर गेला. आपल्या घरातली 'शेंबडी' त्यात स्पष्ट ऐकू येते. येणाऱ्या प्रत्येकाने आपला एकेक शब्द टाकावा आणि त्यातून गल्लीची भाषा शिजावी, असं हे शहराचं खरं मराठी आहे.

आता पुन्हा अमरावती. तिथल्या सौरभ अभ्यंकर या रॅपरने आपलं नाव आकड्यात लिहिलं: '१००आरबीएच', वाचायचं सौरभ. तो वऱ्हाडी बोलीत रॅप करतो. वऱ्हाडातून पुण्यात आलेली पोरं 'काऊन' आणि 'पोट्टे' हे शब्द गिळायला लवकर शिकतात, कारण समोरचा हसतो. तेच शब्द माइकवर ठणकावून आले की ऐकणाऱ्याची मान ताठ होते. बोली हाही पत्ताच असतो, आणि तो कुठल्याही कार्यालयातून आणावा लागत नाही.

तरीही वाघोलीतून असा आवाज उठायला प्रतिभा पुरेशी नाही, मुक्काम हवा. हर्कला इमारतीतली खोली होती, अण्णा भाऊंना चिरागनगर आणि कामगारांच्या सभा होत्या, स्टॅनला गल्ली होती. माणसं एका जागी काही वर्षं टिकली तरच कुणीतरी गाऊ लागतं आणि कुणीतरी झील धरतं. बांधकाम मजुराला ते टिकणं मिळत नाही. १९९६चा बांधकाम कामगार कायदा मालकाला साइटवर मजुरांसाठी मोफत तात्पुरती घरं बांधायला सांगत होता. त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की काम पूर्ण होताच मालकाने ती स्वखर्चाने पाडावीत. टॉवरला नाव लागतं, पत्र्याच्या खोल्या उतरतात, आणि संध्याकाळी मोबाइलवर गाणी लावून बसणारं वऱ्हाडी पोरगं आईबापांबरोबर टेम्पोत चढून पुढच्या साइटवर जातं.